प्रत्येक ओळीच्या आधी तुमचं नाव

सरावली, बोईसर
१२ नोव्हेंबर

कमलाकांत भावजी,

कोपरा चेपलेली वस्तू माणूस भंगारवाल्याला देतो, सख्ख्या पुतणीला नाही. कुरियरवाला जिना उतरायच्या आत मी खोका उघडला आणि तेव्हाच म्हटलं, हा लॅपटॉप नवा नाही. वर-खाली काळं चकचकीत कव्हर आणि आतला कोपरा बसलेला. बोईसर स्टेशनबाहेर जुने मोबाइल विकणारे हेच करतात, पण ते निदान "ताई, सेकंडहँड हाय" असं तोंडावर सांगतात. तुम्ही एवढे बंगलोरला जाऊन साहेब झालात आणि तेवढंही सांगवलं नाही.

नमस्कार लिहिला नाही. तो समजून घ्या.

कोपऱ्याचं एक वेळ सोडून देते. आत काय आहे ते सांगा. उघडला की काळा पडदा. चित्र नाही, रंग नाही, बाण नाही. शेजारची स्वाती कॉम्प्युटर क्लासात शिकवते, तिला बोलावलं. तिने दोन बटणं दाबली आणि म्हणाली, "काकी, ह्यात विंडोजच नाय. फुकटवालं टाकलंय, लिनक्स का काय ते." किंजल तिच्यावरच उखडली. म्हणे, "मला हेच पाहिजे. मी सी शिकतेय." सी म्हणजे काय ते विचारलं तर म्हणे भाषा आहे. एका अक्षराची भाषा! मला कोणी काहीही सांगावं, मी ऐकून घ्यावं.

आता खरी गोष्ट. मी सातवी पास आहे, आंधळी नाही. कारखान्यात पॅकिंगला उभी राहून ड्रमवरची लेबलं वाचते, त्यामुळे इंग्रजी अक्षरं मला लागतात. त्या काळ्या पडद्यावर प्रत्येक ओळीच्या सुरवातीला तुमचं नाव येतं. के, ए, एम, एल, पुढे सगळं. मग वेटोळ्यातला ए, मग 'घर', मग डॉलरची खूण आणि शेवटी एक चौकोनी ठिपका, डोळा मिचकावल्यासारखा चालूबंद. किंजल काहीतरी लिहिते, खाली उत्तर येतं आणि लगेच तुमचं नाव. ती पुन्हा लिहिते, पुन्हा तुमचं नाव. मधेच हसते. मी मागे जाऊन उभी राहिले की गप्प.

पोरीशी एवढं काय बोलता? आणि डॉलर कशाचा?

मितेशच्या वेळीही आधी लॅपटॉपच आला होता. बारावी झाली तशी तुम्ही म्हणालात, "वहिनी, चार वर्षं माझ्याकडे राहू दे, इथे चांगलं कॉलेज हाय." चार वर्षं होऊन गेली, कॉलेज झालं, नोकरी लागली, आणि माझा मुलगा दिवाळीला फोन करून विचारतो, "बाबा हायत का?" बाबा असतात. मीही असते. मी फोन त्यांच्या हातात देते आणि पोळ्या लाटायला जाते.

किंजलचं माझं ठरलेलं आहे. तिने पालघरला केमिकलचा डिप्लोमा केला आणि मी आमच्या लॅबच्या साहेबांच्या पाठी लागून जागा बोलून ठेवली. संक्रांत झाली की दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं. घरापासून रिक्षाने जायचं, जेवायला डबा, संध्याकाळी घरी. ह्यात तुमच्या काळ्या पडद्याचं काही काम नाही.

तुमचे भाऊ एडवणच्या वाडीतून आले, त्यांना सगळं सांगितलं. केळीचा घड खाली ठेवून म्हणाले, "असू दे गं. काय नाय होत." मितेश गेला तेव्हाही हेच म्हणाले होते.

फोनवर मी ओरडते आणि तुम्ही ठेवता. म्हणून कागदावर ओरडतेय. उत्तर कागदावरच पाठवा.

जमना


सरावली
२३ नोव्हेंबर

कमलाकांत भावजी,

कागदावर उत्तर मागितलं होतं. तुम्ही काय केलंत? किंजलच्या फोनवर तीन शब्द टाकलेत, 'पत्र मिळालं म्हणावं'. म्हणजे माझ्याशी बोलायला माझीच पोरगी मधे. बरं. मग मीही सरळ तुमच्या दारात गेले.

पहिल्या पाळीवरून घरी आले, किंजल बाजारात गेलेली. लॅपटॉप उघडला. तुमचं नाव, वेटोळं, घर, डॉलर, ठिपका. मी एका बोटाने लिहिलं, कोण आहे. के ओ एन, जागा सोडून ए एच ई. ओळ संपली की किंजल उजवीकडचं मोठं बटण दाबते ते दाबलं. लगेच उत्तर! माझाच 'कोण' परत लिहिला आणि पुढे इंग्रजी. त्यातला 'नॉट' मला वाचता आला, आमच्या ड्रमवर असतो. बाकीचं कागदावर उतरवून स्वातीकडे नेलं. ती म्हणाली, "सापडत नाही असं लिहिलंय, काकी." कोण सापडत नाही? परत आले आणि तुमचं पूर्ण नाव लिहिलं. तर तेही सापडत नाही! आणि खालच्या ओळीत परत तुमचंच नाव, ठिपका मिचमिच करतोय. भावजी, अंगाला काटा आला आणि रागही आला. तोंडावर खोटं बोलायचं तर नाव तरी झाकून बोला.

मग मी अजून बरंच काही लिहिलं. ते इथे लिहीत नाही. त्यातलं एकही तुम्हाला सापडलं नाही.

किंजल आली, पडदा उघडला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आई, के, ओ आणि एन पिवळे कसे झाले?"

आमच्या रंगाच्या कारखान्यात सध्या पिवळा माल चालू आहे. हातमोजे देतात, पण पूड बारीक, मनगटातून आत शिरते. सुपरवायझर रोज गेटवर बोंबलतो, "जमना बहन, हाथ धो के जाओ, पूरा बस पीला कर दोगी." धुतलेच होते हात. तो रंग साबणाला दाद देत नाही. ज्या ज्या बटणाला बोट लावलं ते ते पिवळं. चोर पकडायला गेले आणि माझेच ठसे.

किंजल खाली बसली आणि हसून हसून लोळायची बाकी राहिली. मग वरचं सगळं वाचलं, माझं लिहिलेलं तसंच राहिलं होतं, आणि हसणं थांबलं. म्हणाली, "पलीकडे कोणी नाय आई. काका नाय, कोणी नाय. हे मशीनच हाय. ते मालकाचं नाव लिहून थांबतं, म्हणजे विचारतं, काय करू? आपण त्याला ठाऊक असलेला हुकूम द्यायचा. नसेल ठाऊक तर म्हणतं, असला हुकूम मला सापडला नाय."

"आणि डॉलर?"

"ती खूण हाय, आई. इथून पुढे लिही अशी. त्याला पैसे पडत नायत."

"मालक कमलाकांत कसे? हे घर माझं, वीज माझी."

"त्यांनी पहिल्यांदा सगळं घालून दिलं ना, म्हणून."

"पहिल्यांदा म्हणजे कधी?"

तिने भाजी निवडायला घेतली. ही पोरगी आपणहून भाजी निवडायला बसली की काहीतरी लपवतेय, हे मला तिच्या तिसरीपासून माहीत आहे.

मी म्हटलं, आधी ते नाव बदल, मग दुसरं. पहिल्यांदा म्हणजे कधी, ते तुम्ही सांगा. वाट बघतेय.

जमना


सरावली
७ डिसेंबर

भावजी,

तुमचं उत्तर नाही. तुमचं नावही आता नाही. आता प्रत्येक ओळीच्या आधी जमना लिहून येतं, वेटोळ्यातला ए, मग घर. जमना, घर. ठिपका मिचकावतो आणि माझी वाट बघतो. चाळीशी उलटल्यावर ह्या घरात मला पहिल्यांदा कोणी विचारतंय, काय करू?

सोपं नव्हतं. किंजल म्हणाली, तुझा पासवर्ड तू घाल, मी तोंड फिरवते. मी घालायला गेले तर पडद्यावर काही उमटेना. फोनवर निदान ठिपके तरी येतात. मला वाटलं घेत नाही, म्हणून परत परत हाणला. किंजल भिंतीकडे तोंड करून ओरडतेय, "दिसणार नाय आई! एकदाच लिही!" माझाच पासवर्ड मलाच दाखवत नाही असलं मशीन. पण एक बरं वाटलं. मागे उभं राहून कोणाला वाचताही येणार नाही.

माझा संशय तेवढ्याने जात नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, लपलेलं सगळं दाखव. तिला वाटलं असेल मला काही कळणार नाही. पण तिच्या फोनवरचा तो शिकवणारा माणूस बोलताना मी ऐकलं होतं, ज्याच्या नावाआधी टिंब असतं ते नेहमीच्या यादीत दिसत नाही. म्हटलं, टिंबवाले काढ. तिने काढले. आठ-दहा निघाले. एकेक उघडायला लावला. आत नुसत्या मशीनच्या सवयी, कसं उघडायचं, कसं बंद व्हायचं. तुमचे भाऊ खाटेवरून म्हणाले, "सापडला का चोर?" मी म्हटलं, तुम्ही झोपा.

मग किंजल म्हणाली, "एवढं सगळं बघतेस तर आता स्वतःच एक लिही." मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "घाबरलीस." मला घाबरलीस म्हटलेलं चालत नाही हे तिला कोणी शिकवलं?

बसले. काळ्यावर पांढरी अक्षरं, एक बोट, आता हळदीसारखं पिवळं. पहिल्या ओळीत जाळीची खूण आणि एका पेटीचं नाव, तिच्यातून छापायचं अवजार मागवायचं. मग मेन, म्हणजे मुख्य दरवाजा, मशीन तिथूनच आत येतं. मग महिरपी कंस. आत, जे पडद्यावर दिसायला पाहिजे ते अवतरणात लिहायचं. मराठी अक्षरं तिथे उमटत नाहीत, चौकोन येतात, म्हणून इंग्रजी अक्षरांत. किंजल म्हणाली, तुला वाटेल ते लिही. मी लिहिलं, जेवलास का. तेच का ते विचारू नका. हाताला तेच आलं.

शेवटच्या आधीच्या ओळीत शून्य परत द्यायचं असतं. मी म्हटलं शून्य कशाला, एवढी मेहनत करून? एडवणच्या शाळेत मला शून्य मिळालं की बाई पाटी उलटी धरून उभं करायच्या. किंजल म्हणते, "इथे शून्य म्हणजे सगळं ठीक झालं. दुसरा आकडा आला तर काहीतरी बिघडलं." उलटा कारभार सगळा.

हा झाला कच्चा माल. मशीन कच्चा खात नाही. तो जीसीसी नावाच्या चक्कीत घालायचा, त्यातून तयार माल निघतो, तो चालवायचा. घातला चक्कीत. मशीन बोंबललं. सहाव्या ओळीत चूक आहे म्हणे.

मी सहावी ओळ बघितली. शून्य परत देणारी. अक्षर न् अक्षर किंजलने सांगितलं तसं. खोडून परत लिहिली. परत सहावी! तिसऱ्यांदा लिहिली, परत तेच. मी म्हटलं, उचल हा डबा आणि पाठव परत.

किंजल म्हणाली, "आई, सहावीला काय झालेलं नाय. पाचवी बघ. शेवटी टिंब आणि खाली स्वल्पविराम राहिला. वरची ओळ पुरी झाली नाय, म्हणून त्याला खालची कळत नाय. ते खालच्या ओळीवर ओरडतं. चूक नेहमी थोडी वर बघायची."

"मग वरच्यावर का ओरडत नाही?"

"वरची चालूच हाय असं वाटतं त्याला. खालची आल्यावर कळतं, अरे, ही संपलीच नव्हती."

टिंब घातलं. परत चक्कीत. ह्या वेळी काहीच झालं नाही. उत्तर नाही, ओरडणं नाही, नुसतं माझं नाव आणि ठिपका. मी म्हटलं, मेलं वाटतं. किंजल म्हणाली, "नाय. बरोबर असलं की ते गप्प बसतं. चुकलं तरच बोलतं."

मी खाटेकडे बघितलं. तिथेही तसलंच एक मशीन घोरत होतं.

आणि मग तिने चालवलं. पडद्यावर आलं, जेवलास का. मी सांगितलेलं, मी लिहिलेलं, मशीनने विचारलं. तुम्हाला ह्यात काही वाटणार नाही. तुम्ही पोटासाठी रोज हेच करता.

किंजलने पटकन फोन काढून पडद्याचा फोटो घेतला. मी विचारलं, कोणाला दाखवणार? म्हणाली, "कोणाला नाय, असंच." आणि उठून भाजी निवडायला गेली. फ्रिजमध्ये भाजी नव्हती.

भावजी, तो फोटो तुमच्याकडे आला का? आला असेल तर सांगा. तुमचं गप्प बसणंही त्या मशीनसारखं समजू का, सगळं बरोबर आहे म्हणून? मी तुम्हाला बोहल्यावर चढताना बघितलंय, हळद मीच लावली होती. तुम्ही गप्प बसता ते बरोबर असता म्हणून नाही.

जमना


सरावली
१४ डिसेंबर

भावजी,

आज थोडंच लिहिते. अक्षर वाकडं आलं तर रागाने आलं असं समजा.

बटणं पिवळी झालेली मला बघवेनात. किंजल म्हणते राहू दे, पण दुसऱ्याच्या वस्तूवर आपले डाग मला खपत नाहीत. चिंधीवर थिनर घेतला. बटणं पुसली. म्हटलं, कव्हरही काढावं, खाली पूड गेली असेल. खालचं कव्हर काढलं आणि लॅपटॉप उलटा केला.

खाली निळा डाग आहे. चार बोटं एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला अंगठा. खालून पंजा लावून उचलल्यासारखा.

निळा माल आमच्याकडे आता होत नाही. तो प्लांट बंद पडला त्याला वर्षं झाली. मितेश गेला त्या महिन्यात आम्ही निळा भरत होतो. मी पाळीवरून आले तेव्हा तो बॅग भरत होता, माझे हात कोपरापर्यंत निळे. हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही न्यायला आला होतात, खाली रिक्षात बसला होतात.

मी त्या डागावर हात ठेवून बघितला. बोटं बसली.

म्हणजे हा लॅपटॉप किंजलसाठी तुम्ही घेतलेला नाही. हा तोच आहे. पहिल्यांदा म्हणजे कधी, ते आता मला कळलं. तुम्ही तो मितेशला घालून दिलात, तुमचं नाव तेव्हाचं. मितेश त्याच्यावर शिकला, आणि मितेशने तो बहिणीला पाठवला. तुमच्या खोक्यातून, तुमच्या पत्त्याने, म्हणजे मी दारातून परत पाठवू नये. मी म्हणत होते पडद्याच्या मागे कोणीतरी आहे, तर सगळे मला हसत होतात. होतं की नाही? माणूस चुकला माझा, एवढंच.

कोपऱ्याबद्दल मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. त्याबद्दल आता काही लिहायचं नाही.

एक मात्र कळत नाही. हा रंग थिनरने जातो. मितेशला माहीत आहे, शाळेत असताना त्याच्या पुस्तकांवरचे माझ्या हातचे डाग तोच कापूस घेऊन पुसत बसायचा, पोरं हसतात म्हणून. हा एवढा मोठा पंजा त्याने इतकी वर्षं पुसला नाही. आळस केला, की दुसरं काही? तुम्ही एका शहरात राहता, तुम्हाला माहीत असणार.

मीही पुसला नाही. कव्हर परत घातलं. किंजलला अजून बोलले नाही.

जमना


सरावली
२८ डिसेंबर

कमलाकांत भावजी,

किंजलला विचारलं. फिरवून फिरवून विचारायची मला सवय नाही. ती जेवायला बसली होती, मी लॅपटॉप उलटा करून ताटाशेजारी ठेवला आणि म्हटलं, बोल.

तिने आधी घास गिळला. मग सगळं बोलली. बंगलोरला सहा महिन्यांचं ट्रेनिंग आहे, त्याची परीक्षा तिने ह्याच डब्यावर अभ्यास करून दिली, गेल्या आठवड्यात पासही झाली. राहणार मितेशकडे. लॅपटॉप तिने स्वतः मागितला. तुम्ही तिला म्हणालात म्हणे, "आधी वहिनीला सांग, त्याशिवाय मी तिकीट काढणार नाय," आणि म्हणून तुम्ही मला उत्तर देत नव्हता, ती सांगेल म्हणून थांबला होतात. हे खरं की तुम्ही दोघांनी बसून ठरवलेलं, ते देव जाणे. ऐकायला बरं वाटतं, म्हणूनच मला शंका येते.

मी म्हटलं, "लॅबमध्ये साहेबांना शब्द दिलाय मी."

"तू दिलायस, आई. मी नाय."

"आणि जायचंच होतं तर मला हे शिकवत कशाला बसलीस? मला झुलवायला?"

भावजी, तेव्हा ती रडली. ही पोरगी रडत नाही, हात भाजला तरी शिव्या देते. म्हणाली, "दादा गेला तेव्हा तो कुठे गेला हे तुला दिसलंच नाय. तुला वाटलं मशीनने नेला, काकांनी नेला. मी जाईन तेव्हा मी काय करायला चाललेय हे तुला दिसायला पाहिजे होतं. म्हणून बसवलं तुला."

मी म्हटलं, जेव आधी.

मग मीच विचारलं, तो फोटो कोणाला पाठवलास? दादाला, म्हणाली. काय म्हणाला? "काय नाय. बघितला त्याने." तिने दाखवलं. माझ्या काळ्या पडद्याचा फोटो, जेवलास का, खाली दोन निळ्या खुणा. आणि खाली रिकामं. तीन आठवडे रिकामं.

गप्प म्हणजे सगळं बरोबर, असं ते मशीन मानतं. मी मशीन नाही.

उठता उठता किंजल म्हणाली, "तो कोपरा कसा चेपला, ते दादाने सांगितलंय मला."

मी तिचं ताट उचलत होते, ते परत खाली ठेवलं. "काय सांगितलं?"

"पडला म्हणाला."

पडला. बरं. माझं नाव घेतलं नाही त्याने. पडला तर पडला.

तुम्ही खाली रिक्षात होतात, तुम्हाला वरचा आवाज आला असेल. तुम्हीही इतक्या वर्षांत कोणाला काही बोलला नाहीत. तुमच्या भावांनाही नाही. ते मी लक्षात ठेवलंय, पण त्याबद्दल आभार मानायला हे पत्र नाही.

आता मी काय सांगते ते नीट वाचा, आणि वाचून झालं की हा कागद मितेशच्या हातात द्या. त्याचा पत्ता माझ्याकडे नाही आणि मी तो मागणार नाही.

किंजलला मी अडवणार नाही. ती वीस वर्षांची आहे, अडवली तरी जाईल, आणि अडवलेली पोरं परत येत नाहीत. पण तिला न्यायला तुम्ही यायचं नाही. ह्या खेपेला रिक्षात बसून राहणारा माणूस मला नको. मितेशने यायचं, जिना चढून वर यायचं, आणि घरात मी असताना यायचं. संक्रांत चौदा तारखेला आहे. पंधराला लॅबमध्ये साहेब किंजलची वाट बघणार. चौदाच्या आत त्याचं काही आलं नाही तर मी तिला पंधराला रिक्षात बसवून कारखान्यात नेते. ती चिडेल, भांडेल. भांडू दे. निदान घरात भांडेल.

आणि यायच्या आधी त्याने मला एक कळवायचं. तो दिवाळीला फोन करतो आणि बाबांना मागतो. मी त्यावर रागावते, दरवर्षी त्याच ओळीवर ओरडते. खोडून बघितली, परत बघितली, त्या ओळीत मला चूक सापडत नाही. तेव्हा चूक तिथे नसणार. वरची कुठलीतरी ओळ पुरी झालेली नाही.

त्याने फक्त सांगावं, तो कुठल्या ओळीवर अडलाय. त्या दिवसातलं काय, कोणाचं बोलणं, कुठला शब्द. लांबलचक नको, माफी नको, समजूत नको. ओळ तेवढी सांग म्हणावं. वरचं मी बघते.

आणि मशीनने विचारलेलं आहे, जेवलास का. त्याचंही उत्तर राहिलंय. चौदा तारखेच्या आत दोन्ही आली पाहिजेत.

जमना